कोरियाहून काय आणाल?

प्रवासाहून परतणाऱ्याने रिकाम्या हाताने घरात पाऊल टाकू नये, हा आपल्या समाजाचा फार जुना दंडक आहे. काशीस जाऊन आलेला गृहस्थ गंगेचा गडू आणी आणि आप्तेष्टांस बोलावून मावंदे घाली. पंढरीहून परतणारा वारकरी चुरमुरे, बुक्का आणि तुळशीची माळ आणी. बाजारभावाने पाहू गेल्यास त्या वस्तूंची किंमत ती काय? परंतु गडूतले पाणी गावच्या विहिरीवर भरून मिळत नसे आणि बुक्क्याची पुडी हातात पडली की घरी राहिलेल्या म्हातारीलाही आपण वाळवंटात उभ्या आहोत असे क्षणभर वाटे. जो गेला नाही त्याला गेलेल्याच्या यात्रेतला वाटा पोहोचविणे, हे त्या भेटीचे काम होते आणि ते ती चोख बजावीत असे.

हा दंडक आजही पाळला जातो. त्यातला अर्थ मात्र उडून गेला आहे, अशी आमची तक्रार आहे. अलीकडे कोरियास जाणाऱ्या मराठी माणसांची संख्या बरीच वाढली आहे. रांजणगाव-तळेगावच्या परिसरातील कोरियन कारखान्यांमुळे आपल्या अभियंत्यांस तिकडे जाण्याचे प्रसंग येतात, विद्यार्थी तेथील विद्यापीठांत शिकावयास जातात, आणि कोरियन मालिकांच्या व गाण्यांच्या ओढीने हौशी कुटुंबेही सहलीस निघतात. ह्यात वाईट काहीच नाही. उलट पश्चिमेखेरीज दुसरी दिशाच ठाऊक नसलेल्या आपल्या मध्यमवर्गाने पूर्वेकडे तोंड वळविले, ह्याचा आम्हांस आनंदच आहे. पण ही मंडळी परत आली आणि त्यांच्या पेट्या उघडल्या, की त्यांतून निघते काय? चेहऱ्यावर चिकटविण्याच्या ओल्या कागदी मुखवट्यांचे गठ्ठे, समुद्रशेवाळाच्या भाजलेल्या पापुद्र्यांची पाकिटे, तिखटजाळ शेवयांचे पुडे, गायकांच्या तसबिरी लटकविलेल्या किल्ल्यांच्या साखळ्या आणि विमानात चढण्यापूर्वी घाईने उचललेले चॉकलेटांचे डबे! ह्यांपैकी बहुतेक माल आज पुण्या-मुंबईच्या दुकानांत विकत मिळतो. मग तो सोलहून वाहून आणण्याचे प्रयोजन काय, असे विचारले तर उत्तर मिळते, "काहीतरी न्यायला हवेच ना!"

ह्या 'काहीतरी'तच सगळा रोग आहे. म्योंगदोंगच्या झगमगत्या रस्त्यावर उभे राहून आमचे प्रवासी खिशातून यादी काढतात. काकांकडे दोन, मामांकडे दोन, कचेरीत बारा, शेजारी चार, एकूण वीस. मग वीस नग एकदम घेतले की एक-दोन वर फुकट देणारा दुकानदार शोधावयाचा आणि सुटकेचा निःश्वास टाकावयाचा. हळदीकुंकवास वाण म्हणून घाऊक आणलेल्या प्लास्टिकच्या डब्या जशा एका घरातून दुसऱ्या घरात फिरत फिरत अखेर मूळ घरी येतात, तशीच ह्या भेटींची गत होते. देणारा ऋणमुक्त होतो, घेणारा तोंडभर आभार मानतो, आणि दोघांपैकी एकालाही कोरियाविषयी पूर्वीपेक्षा एक अक्षरही अधिक कळलेले नसते.

ह्या रोगाला नेमके नाव हवे असेल तर ते खुद्द कोरियन भाषेतच सापडेल. सोलच्या दक्षिणेस आन्सोंग नावाचे गाव काशाच्या भांड्यांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर दोन प्रकारचा माल तयार करीत. बाजारात कोणीही उचलावा म्हणून सरसकट बनविलेला, तो 'जांगनेगी'. आणि गिऱ्हाइकाने आपले घर, आपली माणसे व आपली गरज सांगून मुद्दाम घडवून घेतलेला, तो 'माचुम'. हा दुसरा माल इतका नेटका उतरे की 'आन्सोंग-माचुम' हा शब्दप्रयोगच भाषेत रूढ झाला. एखादी गोष्ट एखाद्या माणसाला किंवा प्रसंगाला तंतोतंत साजली, की आजही कोरियन माणूस 'आन्सोंग-माचुम' म्हणतो. आमचे म्हणणे एवढेच की भेट ही माचुम असावी. आणि आम्ही आणतो ती निव्वळ जांगनेगी!

भेटवस्तूत तीन माणसे गुंतलेली असतात. एक ती घडविणारा, दुसरा ती देणारा आणि तिसरा ती घेणारा. ह्या तिघांची गाठ पडली तर ती वस्तू भेट होते. एरवी ती नुसती मालाची हलवाहलव असते. यादीबरहुकूम केलेल्या खरेदीत घडविणारा अज्ञात, घेणारा म्हणजे एक आकडा, आणि देणारा तेवढा 'मी परदेशी जाऊन आलो' हे मिरविण्यास पुढे असतो. अशा भेटीने आपण परक्या देशाचा परिचय करून देत नाही, आपल्या पारपत्रावरील शिक्का तेवढा दाखवितो.

कोरियाहून आणलेली एक लहानशी वस्तू काय करू शकते, ह्याचा दाखला इतिहासातच आहे. १९१४ साली सोलमधील एका प्राथमिक शाळेतला जपानी शिक्षक आसाकावा नोरिताका हा टोकियोजवळच्या आबिको गावी यानागी मुनेयोशी ह्या तरुण विचारवंताच्या घरी गेला. यानागीच्या मित्रमंडळाने फ्रेंच शिल्पकार रोदँ ह्यास जपानी चित्रे भेट पाठविली होती व त्याने उलट आपली लहान शिल्पे धाडली होती. ती पाहावी ही नोरिताकाची इच्छा. जाताना त्याने सोबत नेले ते कोरियातील जुने, साधे, पैलूदार मातीचे भांडे. पांढऱ्या अंगावर निळ्या रेषांनी काढलेली गवताची चार पाती, एवढाच त्याचा थाट. पण ते पाहून यानागीच्या दृष्टीला नवीनच दिशा लागली. १९१६ साली तो प्रथम कोरियास गेला. पुढे जपानी सरकारने सोलच्या राजवाड्याचे ग्वांगह्वामुन हे महाद्वार पाडण्याचे ठरविले, तेव्हा १९२२ साली त्याने स्वतःच्याच सरकारविरुद्ध लेखणी उचलली. ते द्वार नष्ट न होता दुसरीकडे हलविले गेले. १९२४ साली नोरिताकाचा धाकटा भाऊ ताकुमी ह्याच्या साहाय्याने त्याने त्याच राजवाड्यात कोरियन लोककलेचे संग्रहालय उघडले. ताकुमीने तर कोरियातच घर केले, तेथील जेवणाच्या चौरंगांवर १९२९ साली पुस्तक लिहिले, आणि १९३१ साली तो वारला तेव्हा त्याला तेथल्याच मातीत पुरण्यात आले.

यानागीच्या सर्वच मतांशी कोरियन पंडित सहमत नाहीत. कोरियन कलेत त्याला सर्वत्र दुःखच दिसले, ही राज्यकर्त्या समाजातील माणसाची दृष्टी होय, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि त्यात तथ्य आहे. पण आमचा मुद्दा वेगळा आहे. नोरिताकाने त्या दिवशी विमानतळी डब्याच्या तोडीचे काही नेले असते, तर यानागीने चहाबरोबर ते संपविले असते आणि गोष्ट तेथेच मिटली असती. त्याने तसे केले नाही, कारण आपण कोणाकडे जात आहोत हे त्याला ठाऊक होते आणि आपण काय नेत आहोत हेही ठाऊक होते.

येथे कोणी म्हणेल, "बरे, मग काय आणावे ते तरी सांगा." सांगतो.

प्रथम काशाचेच घ्या. कोरियन 'युगी' म्हणजे सोळा न्यांग तांब्यास साडेचार न्यांग कथील, अर्थात शंभरात सुमारे अठ्ठ्याहत्तर भाग तांबे व बावीस भाग कथील. आपल्या काशाचे प्रमाणही जवळजवळ हेच! ह्या धातूची भांडी काही ओतून करतात. तर 'बांग्जा' नावाचा जो प्रकार मूळ उत्तरेकडील नापचोंग गावचा, त्यात धातूची चकती लालबुंद तापवून अनेक हातांनी ठोकून ठोकून भांडे उठवितात. प्रमाणात किंचित चूक झाली तर घणाखाली धातू तडकतो. थंडीच्या दिवसांत काशाच्या वाडग्यात ऊन भात वाढावा आणि उन्हाळ्यात चिनी मातीची भांडी काढावी, अशी तिकडील खानदानी घरांची रीत होती. दुसऱ्या महायुद्धात जपानी सरकारने घरोघरची ही भांडी युद्धसामग्रीसाठी जप्त केली. युद्धानंतर जी थोडी पुन्हा घडली ती दगडी कोळशाच्या शेगडीच्या धुराने काळवंडू लागली, आणि मग स्टेनलेस स्टीलने त्यांस घराबाहेर काढले. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या आजीने काशाचे ताट मोडीत घालून स्टीलची ताटे घेतली, ज्यांच्या घरी काशाच्या वाटीने तळपाय चोळण्याची आठवण अजून शिल्लक आहे, त्यांना ही कथा परकी वाटेल काय? अशा घरी युगीचा एक चमचा न्यावा. अधिक काही नको. तो हातात घेताच आजी त्याला नखाने वाजवून पाहील आणि काय ते ओळखील.

दुसरी वस्तू 'बोजागी', म्हणजे गाठोडे बांधण्याचा चौकोनी रुमाल. त्यातील 'चोगाकबो' हा प्रकार कपड्यांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचा असतो. घरात रेशमाची वा रेमी नावाच्या तागासारख्या धाग्याच्या वस्त्राची जी कातरणे उरत, ती बायका एकास एक जोडीत. आणि तुकडा तुकडा जोडणे म्हणजे घरच्या माणसाच्या आयुष्याला दिवस जोडणे, अशी त्यामागे भावना असे. शिवण अशी बेतशीर की रुमालाला उलटी बाजूच नाही. उजेडात धरला तर चित्रकाराच्या फलकासारखा दिसतो. आणि ह्या चित्रकर्तीचे नाव बहुधा कोणासही ठाऊक नसते. आता जिच्या आईने जुनी लुगडी फाडून गोधड्या शिवल्या, त्या मावशीला हा रुमाल द्या, आणि सोबत त्याची हकीकत सांगा. मग पाहा, ती तो कपाटात ठेवते की भिंतीवर लावते ते!

तिसरी वस्तू कागद. 'हान्जी' हा कोरियन हातकागद कागदी तुतीच्या जातीतल्या झाडाच्या सालीपासून होतो. साल राखेच्या क्षारात शिजवावयाची, धुवावयाची, कुटावयाची, आणि आपल्या भेंडीच्याच कुळातील एका झाडाच्या मुळाचा चिकट रस पाण्यात घालून तंतू जाळीवर उचलावयाचे. हा कागद किती टिकावा? ग्योंगजूच्या बुल्गुक्सा मंदिरातील स्तूप १९६६ साली उघडला तेव्हा त्यात ठशांनी छापलेली धारणीसूत्राची गुंडाळी निघाली; ती आठव्या शतकातील, म्हणजे बाराशे वर्षांहून जुनी! ज्या महाराष्ट्राची दप्तरे जुन्नरी व दौलताबादी कागदावर लिहिली गेली आणि ज्याने त्या कागदाचे कारखाने विसरूनही टाकले, त्या महाराष्ट्रातील एखाद्या इतिहासाच्या शिक्षकाला हान्जीचे दोन ताव नेऊन दिले तर ते चॉकलेटाच्या दहा डब्यांहून भारी ठरतील, आणि पेटीत त्यांचे वजनही होणार नाही.

लोकचित्रांचाही उल्लेख केला पाहिजे. वाघ व 'काची' पक्षी, म्हणजे काळापांढरा नीलकंठासारखा बडबड्या कावळेकुळीतला पक्षी, ह्यांचे जोडचित्र नववर्षाच्या सुमारास दारावर लावण्याचा कोरियात प्रघात होता. वाघाने अरिष्ट अडवावे, पक्ष्याने शुभवार्ता आणावी. आणि काची ओरडला की आवडता पाहुणा येणार, हा तेथील घरोघरचा समज. सकाळी अंगणात कावळा ओरडला की "आज कोण येणार बाई?" असे विचारणाऱ्या आपल्या घरांत हे चित्र परके राहणार नाही.

ह्या सर्व उदाहरणांतून आम्ही एक नियम काढतो. लोक 'वैशिष्ट्यपूर्ण' ह्या शब्दाचा अर्थ 'विचित्र' असा करतात आणि घरच्या कोणाला काडीचाही संबंध लागणार नाही अशी चीज शोधीत फिरतात. वस्तुतः वैशिष्ट्य जाणवावयास आधी थोडी ओळख लागते. काशाचे ताट ज्याने पाहिलेले आहे त्यालाच युगीचा वेगळा घाट कळेल. गोधडी अंगावर घेतलेल्यालाच चोगाकबोची शिवण थक्क करील. तेव्हा घेणाऱ्याच्या आयुष्यात जिला टेकावयास एखादा कोनाडा आहे अशी वस्तू निवडावी. हीच आमच्या मते माचुम भेट.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप खर्चाचा. हाताने घडविलेली वस्तू महाग, आणि नातलग वीस! आम्ही विचारतो, वीसांना दिलेच पाहिजे असा हुकूम कोणी काढला? ज्या चार माणसांच्या मनात तुम्ही प्रवासभर होता त्या चौघांना द्यावे. उरलेल्यांस घरी बोलावून चहा पाजावा आणि पाहिले ते सांगावे. मावंद्याचा मूळ अर्थ तरी दुसरा काय होता? शिवाय कागदाचा ताव, काशाचा चमचा, रुमालाच्या तुकड्याची वाचनखूण ह्या काही राजेरजवाड्यांच्या वस्तू नव्हेत.

दुसरा आक्षेप वेळेचा. चार दिवस कामाला जाणाऱ्याने कारागीर शोधीत कोठे हिंडावे? त्यास उत्तर असे की एक दुपार पुरते. सोलमध्ये २०२१ साली उघडलेले हस्तकलेचे संग्रहालय इन्सादोंगच्या शेजारीच आहे. आधी तेथे जाऊन उत्तम काम कसे दिसते ते डोळ्यांत साठवावे आणि मग इन्सादोंगच्या दुकानांत शिरावे. कारण तेथेही परदेशी कारखान्यांतून आलेला नकली माल 'कोरियन आठवण' म्हणून विकला जातो. वस्तू उलटी करून ती कोठे झाली ते वाचावे. कोणी केली, कशाची केली, हे दुकानदारास विचारावे. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या दुकानातून निघून यावे.

तिसरा आक्षेप अधिक चतुर आहे. "अहो, खुद्द कोरियन लोक चुसोकच्या सणाला एकमेकांस डबाबंद मांसाचे संच देतात, मग आम्हीच का सोवळे पाळावे?" देतात खरे. पण १९५० ते १९५३ च्या युद्धात उपासमार सोसलेल्या समाजात अमेरिकन छावण्यांतून बाहेर आलेला तो डबा चैनीची वस्तू ठरला. त्यामागे त्यांचा इतिहास आहे, त्यांची भूक आहे. तो त्यांच्यात शोभतो. तोच डबा तुम्ही आपल्या शाकाहारी आत्याबाईंपुढे ठेवला तर काय होईल? खाद्यपदार्थांच्या बाबतीत तर आमच्या लोकांचा निष्काळजीपणा अक्षम्य आहे. किमचीत बहुधा खारवलेली कोळंबी वा मासळी असते, शेवयांच्या मसाल्यात पुष्कळदा मांसाचा अर्क असतो. आणि हे न वाचता ते पुडे सरळ देवघराशेजारच्या फडताळात जातात. तीच गोष्ट जिनसेंगची. हृदयविकारासाठी रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्या वृद्धास वैद्याला न विचारता ती मुळी देणे हे प्रेमाचे लक्षण नव्हे. त्यापेक्षा हादोंगचा वा बोसोंगचा चहा द्यावा. चहाला आपल्या घरात कोणी नाही म्हणणार नाही.

आणि तरुणांचे काय? आमच्या वयाचे कित्येक गृहस्थ गायकांच्या तसबिरींवर नाके मुरडतात. त्यांच्यात आम्ही सामील होऊ इच्छीत नाही. गाणी ऐकता ऐकता जिने आपण होऊन कोरियन लिपी शिकून घेतली, त्या पुतणीची ओढ खरी आहे. पण तिला तसबीर आणखी कशाला? ती तिच्याजवळ दहा आहेत. सेजोंग राजाने १४४३ साली सिद्ध करून १४४६ साली प्रजेस दिलेल्या त्या लिपीत तिचे नाव कोरलेला शिक्का करवून आणा. कोरियात स्वाक्षरीच्या जागी नावाचा शिक्का मारण्याची जुनी रीत आहे आणि असे शिक्के कोरणारे इन्सादोंगात भेटतात. जगात दुसऱ्या कोणासही उपयोगी पडणार नाही अशी ती वस्तू. आन्सोंगच्या कारागिरानेही जिला मान डोलवावी अशी!

उलट्या टोकाची एक जातही आहे, तिचाही समाचार घेतला पाहिजे. हे रसिक शिंपल्याच्या जडावाची मोठी पेटी नाहीतर हिरव्या झिलईचा कलश भरमसाट किंमत देऊन आणतात, काचेच्या कपाटात ठेवतात आणि पाहुण्यास किंमत आधी सांगतात, नाव मागून. घडविणाऱ्याचे गाव त्यांनाही ठाऊक नसते. वीस मुखवटे आणणारा आणि हा रसिक ह्यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाही. एक संख्येने दिपवितो, दुसरा किमतीने. दोघांच्याही हातून वस्तू मुकीच राहते.

वस्तूला वाचा देणे हे तर देणाऱ्याचे काम आहे. कोरियातील काशाचे घण आणि कागदाच्या कुंड्या आजही चालू आहेत, पण त्या चालविणारे हात थोडे आहेत. त्यांचा माल घेणारा कोणी नसेल तर तेही थांबतील, जसे आपल्याकडचे कित्येक थांबले. तुम्ही घेतलेल्या एका चमच्याने तो धंदा तरणार नाही हे आम्ही जाणतो. परंतु तो चमचा पुण्याच्या वा नाशिकच्या एखाद्या स्वयंपाकघरात बोलू लागला, आणि त्याचे ऐकून कोणी माळ्यावरचे आपलेच काशाचे ताट खाली उतरविले, तर दोन देशांतील दोन कारागिरांचा मान एका भेटीने राखला असे होईल. एवढे साधणारी भेट आणावी. ते जमत नसेल तर रिकाम्या हाताने यावे आणि निदान मोकळ्या मनाने बोलावे.